पन्नास ग्रॅम

वाकाना, तू वहीत पाच प्रश्न लिहून आणले होतेस.
तिसरा होता : आहारतज्ज्ञ कसं होतात?
मी घाईत सांगून टाकलं, दोन वर्षांचं कॉलेज,
तीन वर्षं नोकरी, मग सरकारी परीक्षा,
दोनशे प्रश्न, एकशेवीस बरोबर यायला हवेत.
तू ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलंस,
वाकून नमस्कार केलास
आणि कागदी टोपी घडी घालून परत दिलीस.

माझं उत्तर खोटं नव्हतं.
अळणी होतं.

पहाटे साडेचारला ओगाच्या किनाऱ्यावर
बर्फ आडवा पडतो. छत्री इथे कुणी उघडत नाही.
दारातच हात धुवायचे, कोपरापर्यंत,
मग चौऱ्याऐंशी जणांचा भात.
त्यातली एकवीस जणांची पेज, नऊ जणांची गाळलेली पेज,
आणि सहा जणांसाठी असं काहीतरी
ज्याला मासा म्हणायचं,
कारण मी ते माशाच्या साच्यात थापते.

पहिलं वर्षभर मी फक्त वजन केलं.
जाणाऱ्या ताटांचं. परत येणाऱ्या ताटांचं.
जास्त कळतं ते परत येणाऱ्यांवरून.

कॉलेजात मीठ म्हणजे सोडियम गुणिले दोन पूर्णांक चोपन्न.
इथे मीठ म्हणजे खोली सातमधले फुनाकी तोकुजी,
वय एक्क्याऐंशी, जन्मभर हाताहाता मासळी पकडलेले,
आता उजवं अंग गेलेलं, घास घशात अडकणारा.
त्यांचं सूप रोज जसंच्या तसं परत यायचं.
"पोरी," ते म्हणाले,
"हे समुद्रात ओतलंस तर समुद्रही परत करील."

त्यांना हवा होता धुरावलेला मुळा.
बायको चुलीवरच्या आढ्याला टांगायची, मग कोंड्यात मुरवायची.
डॉक्टर म्हणाले, दिवसाला सहा ग्रॅम मीठ, त्यावर कण नाही.
गिळायला शिकवणारी म्हणाली, कडक काही नको.
दोघंही बरोबर होते.
तीन संध्याकाळी मी ड्युटीनंतर थांबले.
मुळ्याच्या दोन चकत्या कोमट पाण्यात ठेवल्या, पाणी गाळलं,
दाट केलं, मीठ मोजलं. पहिल्यांदा गोंद झाला.
दुसऱ्यांदा नुसता धूर.

तिसऱ्या वाटीतला एक चमचा त्यांनी बराच वेळ तोंडात धरला.
"लाकूड चुकलंय," म्हणाले. "आमच्याकडे चेरी जाळायचे."
आणि तोंड पुन्हा उघडलं.
त्या दिवशी मी तक्त्यात लिहिलं : दहापैकी दहा.

चार दिवसांनी, रविवारी, ते गेले. मुळ्याने नाही.

आता नियम ऐक, तो तुला सांगायचा राहिला.
रोजच्या प्रत्येक पदार्थाचे पन्नास ग्रॅम पिशवीत घालून
उणे वीसवर चौदा दिवस ठेवावे लागतात.
कुणाला बाधलं तर पुरावा हवा म्हणून.
पिशवीवर तारीख असते, पदार्थ असतो,
खाणाऱ्याचं नाव नसतं.
ते गेल्यावरही दहा दिवस त्यांचं जेवण माझ्याकडे होतं.
पंधराव्या दिवशी मी पिशवी टाकून दिली.
नियमाप्रमाणे. थोडी उशिरा, दुपारी.

त्या मार्चमध्ये सेंदाईला परीक्षा दिली.
एकशेसतरा.
गिळण्याच्या त्रासावर एक प्रश्न होता, पर्याय पाच,
मी पेन्सिल धरून बसले आणि मला चेरीचं लाकूड आठवत राहिलं.
पुढच्या वर्षी एकशेएकतीस.
प्रमाणपत्र आईने देवघराशेजारी लावलंय,
मला विचारलं असतं तर
मी फ्रीजरवर लावलं असतं.

तुझा चौथा प्रश्न राहून गेला, बस आली होती.
पण वही माझ्याकडे उलटी होती, मी वाचला :
तुम्हाला स्वतःला काय खायला आवडतं?

ओट्याशी उभ्याउभ्या, गार भात.
सोबत मुळ्याची एक चकती.
चेरीच्या धुरातली, मी विचारून घेते.